धागा: मुलांना प्रोजेक्टवर शिकवायचं ठरवलं, पण प्रोजेक्ट दुकानातून येतात. काय करावं?

स्टॉपवॉच | रविवार, सकाळी ११.०५

नमस्कार मंडळी. इंदूरबाहेर बायपासला लागून असलेल्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. (नाव विचारू नका, पगार तिथूनच येतो.) तिसऱ्या वर्षाला फ्लुइड मशिनरी शिकवतो, म्हणजे पंप, टर्बाइन वगैरे.

मागच्या सेमिस्टरला हिंमत केली. लॅबच्या फाइली बंद. त्या फाइली सीनिअर्सकडून वारशाने येतात आणि आकडेही तेच असतात. आमच्या लॅबमधला पेल्टन व्हील (पाण्याच्या झोताने फिरणारी टर्बाइन) तीन वर्षं बंद आहे तरी त्याची कार्यक्षमता दर वर्षी ७२ टक्के येते. त्याऐवजी ६० मुलांचे १२ गट केले आणि सांगितलं, पाणी आणि पंप यांच्याशी संबंधित काहीही करा, सेमिस्टरभर करा, सेशनलचे, म्हणजे कॉलेजने द्यायचे, सगळे मार्क त्यावर.

१२ पैकी ७ गटांनी दुकानातून आणलं. पुठ्ठा आणि सिरिंजांचा ‘हायड्रॉलिक जेसीबी’ चार गटांचा. त्यातल्या दोन गटांचं तर मॉडेलही एकच! सकाळच्या बॅचला एकाने दाखवलं, दुपारच्या बॅचला दुसऱ्याने. फेविकॉलचा ओघळ ओळखीचा वाटला म्हणून पकडले गेले.

एचओडी (विभागप्रमुख) म्हणतात, झालं तेवढं पुरे, फाइली परत सुरू करा. माझं मन होत नाही. प्रश्न असा: हे चालू ठेवावं का? ठेवलं तर मार्क कसे द्यावेत? आणि थिअरीचे तास कापावेत का?

पोहेजलेबी | ११.१२

फेविकॉलच्या ओघळावरून गुन्हेगार पकडणारे सर! तुम्ही पोलिसात हवे होतात.
बाकी चर्चा वाचायला बसलोय, पोहे घेऊन.

रामबागकर | ११.५०

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मी इंदूरच्या श्री गोविंदराम सेकसरिया इंजिनिअरिंग कॉलेजचा, १९७७च्या बॅचचा. आमच्या वेळी पहिल्या वर्षी फिटिंग शॉपमध्ये लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा हातात द्यायचे आणि कानसेने घासून काटकोनात आणायला लावायचे. पंधरा दिवस तेवढंच. हाताला फोड यायचे. त्याला कोणी प्रोजेक्ट म्हणत नव्हतं.

सूत्रं डोक्यात नसताना प्रोजेक्ट करणं म्हणजे बाराखडी न येता कादंबरी लिहिणं. आधी चार वर्षं पाया भरा, प्रोजेक्ट नोकरीत आयुष्यभर करायचेच आहेत. तुमचे सात गट दुकानात गेले यात नवल काय? त्यांना दुसरं काही येतच नव्हतं.

फाइली मात्र बंद केल्यात ते उत्तम.

बॅक_दो_तीन | दुपारी १२.३०

मी दुकानातून आणणाऱ्यांपैकी. म्हणजे या सरांचा विद्यार्थी नाही, पण दुसऱ्या कॉलेजात फायनल इयरला हेच केलं. दुकान कसं चालतं ते सांगतो, कारण बऱ्याच मोठ्या लोकांना कल्पना नसते.

काउंटरवर यादी लॅमिनेट करून ठेवलेली असते. स्मार्ट डस्टबिन, अंधांसाठी काठी, लाइन फॉलोअर, आपोआप लागणारा रस्त्यावरचा दिवा. वर फाइल, पीपीटी आणि वायवाला (तोंडी परीक्षेला) विचारतात ते वीस प्रश्न उत्तरांसकट. भैया विचारतो, “गाइड का नाम क्या डालना है?” बस.

आता माझी बाजू. त्या सेमिस्टरला पाच थिअरी पेपर, प्लेसमेंटचे ॲप्टिट्यूड आणि त्यात प्रोजेक्ट. गाइड सरांकडे आमच्यासारखे नऊ गट. ते आम्हाला दोनदा भेटले, एकदा विषयावर सही करायला आणि एकदा फाइलवर. जो प्रश्न कोणालाच पडलेला नाही त्याचं उत्तर आम्ही विकत आणलं, यात फार वाईट वाटून घेऊ का?

पोहेजलेबी | १२.३४

वर्षानुवर्षं देशातलं सगळ्यात स्वच्छ ठरलेलं शहर, आणि स्मार्ट डस्टबिनसुद्धा इथलेच सगळ्यात जास्त. आत कचरा मात्र कधी पडलेला नाही.

मालवणी_नाही_माळवी | १२.५२

@बॅक_दो_तीन, शेवटचं वाक्य आवडलं. पण वाईट वाटून घ्याच, थोडं तरी.

बाजावाला | दुपारी २.१५

रामबागकर काकांशी असहमत, आणि सविस्तर असहमत. इंदूरजवळ पीथमपूरला, नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्राच्या जागेवर २००७पासून बाजाची स्पर्धा सुरू झाली, ठाऊक असेलच. विद्यार्थ्यांनी एका माणसाची ऑफ-रोड गाडी स्वतः डिझाइन करून बनवायची. आमच्या वेळी इंजिन सगळ्यांना एकच, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं १० हॉर्सपॉवरचं. म्हणजे ताकद सारखी, फरक काय तो तुमच्या डोक्याचा. शेवटी चार तासांची एन्ड्युरन्स शर्यत.

आमची गाडी एन्ड्युरन्सपर्यंत पोचलीच नाही. त्याआधी ब्रेक टेस्ट असते, चारही चाकं एकदम लॉक व्हावी लागतात. आमचं मागचं डावं फिरतच राहायचं. तीनदा प्रयत्न केला. रात्री शेडमध्ये टॉर्च धरून ब्रेकच्या लाइनमधली हवा काढत बसलो, तेव्हा कळलं की मास्टर सिलिंडर (ब्रेकच्या तेलावर दाब देणारा भाग) निवडताना पेडलचा लिव्हर रेशो, म्हणजे पायाचा जोर किती पट होतो तो आकडा, एकाने एक धरला होता आणि दुसऱ्याने दुसरा. दोघांच्या वह्या वेगळ्या, कोणी कोणाला विचारलंच नव्हतं. द्रवातल्या दाबाचा पास्कलचा नियम दोघांनाही पाठ. पेपरात दोघांनाही चांगले मार्क.

त्या सेमिस्टरला मी दोन विषयांत नापास, बॅक आली, घरी महाभारत झालं. पण आज रोज ब्रेकवरच काम करतो, आणि नवीन ड्रॉइंग आलं की पहिला फोन समोरच्याला करतो: तू कोणता रेशो धरलास?

आता खरं ते पण सांगतो. टीममध्ये २५ नावं, गाडी बनवली सहा-सात जणांनी. बाकीचे टी-शर्टपुरते.

फाइलवाली_ताई | २.४०

@बाजावाला, आणि त्या २५मध्ये मुली किती, आणि त्यांच्याकडे काय काम होतं, ते पण सांगा ना.

मीच सांगते. कॉस्ट रिपोर्ट, पीपीटी आणि स्पॉन्सरला मेल. “तुझं अक्षर छान आहे” आणि “तुझं इंग्लिश चांगलं आहे” या दोन वाक्यांवर माझी चार वर्षांची इंजिनिअरिंग गेली. वेल्डिंग मशीनला हात लावला तो नोकरीत, सत्ताविसाव्या वर्षी, एका फोरमनच्या कृपेने. कॉलेजात प्रत्येक प्रोजेक्टची फाइल मी लिहिली आणि प्रत्येक वायवाला मशीनबद्दल बोलला दुसराच.

सर, गट पाडून सोडून देऊ नका. तुमच्या १२ गटांत फाइल कोणी लिहिली, आठवून बघा.

बाजावाला | २.५५

चार मुली होत्या. तीन रिपोर्टला, एक सस्पेन्शनला. चूक होती. खरंच.

स्टॉपवॉच | संध्याकाळी ५.२०

@फाइलवाली_ताई, आठवून पाहिलं. १२ पैकी ९ फाइली मुलींच्या अक्षरात. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

डेन्मार्ककर | ५.५८

मी मूळची इंदूरच्या तिलकनगरची, गेली काही वर्षं ऑलबोर्गला. इथलं विद्यापीठ १९७४ साली निघालं तेच प्रोजेक्टवर शिकवायच्या पद्धतीवर, त्यामुळे दोन शब्द.

ढोबळमानाने अर्धं सेमिस्टर नेहमीची लेक्चर आणि कोर्सेस, अर्धं एक मोठा प्रोजेक्ट. म्हणजे रामबागकर काकांचा पाया आणि बाजावाल्यांची गाडी दोन्ही एकाच वेळी चालतात, आधी हे मग ते असं नाही. गट पहिल्या सेमिस्टरपासून. प्रत्येक गटाला स्वतःचा मार्गदर्शक, आणि तो नियमित भेटतो, सहीपुरता नाही. सुरुवातीचे कित्येक आठवडे प्रश्न नक्की काय आहे याच्यावरच जातात, त्याचं वेगळं प्रकरण रिपोर्टात लिहावं लागतं.

परीक्षा गटाची एकत्र, पण मार्क प्रत्येकाचे वेगळे. परीक्षक रिपोर्टातलं कुठलंही पान उघडून कोणालाही विचारतो. “ते त्याने केलंय” हे उत्तर चालत नाही. मध्ये काही वर्षं सरकारने ही एकत्र परीक्षा बंदही केली होती, मग परत आणली. तेव्हा वाद तिकडेही आहेत.

हे महाग आहे. नऊ गटांमागे एक सर या हिशोबात ते होणार नाही.

सीओपीओ_पीडित | रात्री ८.१०

शेवटच्या ओळीला शंभर वेळा अनुमोदन. मी पण याच धंद्यातली. आठवड्याला सोळा तास शिकवणं, ॲडमिशनच्या दिवसांत शाळाशाळांतून फिरणं, आणि उरलेल्या वेळात फाइली. विद्यार्थ्यांच्या नाही, माझ्या.

२०१४ साली एनबीए (इंजिनिअरिंगच्या कोर्सेसना मान्यता देणारी आपली संस्था) वॉशिंग्टन कराराची, म्हणजे देशांनी एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या मानण्याच्या कराराची, कायम सदस्य झाली, तेव्हापासून सगळीकडे आउटकम. मूळ विचार वाईट नाही हो. पदवी घेताना मुलगा काय करू शकतो ते बघा, एवढंच म्हणणं. गटात काम, संवाद, आयुष्यभर शिकत राहणं हे सगळं त्या यादीत आहे. पण कॉलेजात त्याचं रूप काय होतं? एक्सेलची शीट. प्रत्येक प्रश्नापुढे ३, २, १ आकडे भरायचे. ‘आयुष्यभर शिकणे’ समोर मी काल रात्री साडेअकराला २ भरले. कशाच्या आधारावर, ते देवाला माहीत.

आणि प्रोजेक्ट झाला की नाही यापेक्षा त्याचा जिओटॅग (ठिकाण नोंदलेला) फोटो आहे की नाही हे महत्त्वाचं.

पोहेजलेबी | ८.१५

आजीच्या मांडीवर बसून शिकलो त्याचा जिओटॅग नाही. शिक्षण रद्द समजावं का?

भिया_ऐका_तर | ८.३१

अवांतर: तुम्ही लोक रविवारी रात्री सराफ्यात खायला जायचं सोडून हे काय करून राहिलेत भिया?

मालवणी_नाही_माळवी | ८.३६

‘करून राहिलेत’! पुण्याची माझी वहिनी हे ऐकून दर वेळी डोळे मिटते. तिला म्हटलं, ही आमची इंदुरी मराठी, हिच्यावर शेव भुरभुरलेली असते.

भिया_ऐका_तर | ८.३८

आणि जिरावण मसाला.

संपादक | ८.४५

जिरावण दुसऱ्या धाग्यावर. इथे विषयावर या.

पीथमपूर_शिफ्ट_बी | ८.५२

विषयावर. भरतीच्या मुलाखती घेतो. रिझ्युमेवर प्रोजेक्ट दिसला की एकच विचारतो: यात काय बिघडलं होतं? ज्याने केलंय तो दहा मिनिटं थांबत नाही. ज्याने आणलंय तो म्हणतो, काही नाही सर, सगळं नीट चाललं.

रामबागकर | ९.०५

@स्टॉपवॉच, सात गटांचं रडगाणं ऐकलं. उरलेल्या पाचांनी काय दिवे लावले?

स्टॉपवॉच | ९.४८

काका, बरं झालं विचारलंत. चार गटांचं ठीकठाक. एकाबद्दल लिहितो.

तीन मुली, दोन मुलं. त्यातला एक खरगोनकडच्या खेड्यातला, वर्गात कधी तोंड उघडत नाही. त्यांना सुचेना, म्हणून मी वैतागून म्हटलं, होस्टेलचा पंप बघा, रोज बोंब असते पाणी चढत नाही म्हणून. बघा म्हणजे काय, विचारलं. म्हटलं, किती वीज खातो आणि किती पाणी देतो, मोजा.

प्रवाह मोजायला मीटर नाही. वरच्या २००० लिटरच्या रिकाम्या टाकीवर एक जण घड्याळ घेऊन बसला: २२ मिनिटं. वीज कशी मोजायची? पंपाचा मीटर वेगळा आहे, त्यावर लाल दिवा लुकलुकतो, ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. डोळ्यांनी मोजता येईना, मग मोबाइलवर व्हिडिओ घेऊन हळू चालवून मोजला: मिनिटाला ११२. म्हणजे २.१ किलोवॉट. टाकीची उंची दोरी सोडून मोजली, १७ मीटर. गणित केलं तर पाण्यात जाणारी ताकद २५० वॉटच्या आसपास. १२ टक्के!

मी म्हटलं चुकलात, परत मोजा. तीनदा मोजलं. तेवढंच.

मग तो खरगोनचा मुलगा पहिल्यांदा बोलला. म्हणाला, सर, आवाजच सांगतोय, फूटव्हॉल्व्ह (हौदातल्या पाइपाच्या तोंडाचा व्हॉल्व्ह) चोक आहे. घरी कपाशीच्या शेतावर पंप त्याच्याकडेच. काढून पाहिला तर जाळीत प्लास्टिकची पिशवी आणि गाळ. शिवाय बागेकडे जाणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा, तिथून पाणी परत हौदात. दोन्ही दुरुस्त केल्यावर टाकी साडेअकरा मिनिटांत भरली. वीज २.२ किलोवॉट. म्हणजे २२ टक्के.

वॉर्डनने त्यांना समोसे खाऊ घातले. मला वाटतं आमच्या कॉलेजच्या इतिहासातलं सगळ्यात उपयोगी सेशनल.

डेन्मार्ककर | १०.०२

वा! अंगावर काटा आला. फाइल कोणी लिहिली?

स्टॉपवॉच | १०.०५

खरगोनवाल्याने. मुलींनी अटच घातली होती. मी अभिमान वाटून घेणार होतो, पण यात माझं काही नाही.

रामबागकर | १०.४०

थांबा. समोसे नंतर.

२२ टक्क्यांवर तुम्ही खूश झालात? बाजारातला साधा मोनोब्लॉक पंपही याच्या दुप्पट देतो. तुमचा हेड, म्हणजे पंपाला किती मीटरचा जोर लावावा लागतो तो आकडा, चुकलाय. १७ मीटर ही फक्त उंची आहे. पाइपातलं घर्षण कुठे गेलं? पाइप किती इंची आणि किती लांब?

स्टॉपवॉच | १०.४४

सव्वा इंची. वळणं धरून ४० मीटर असेल.

रामबागकर | ११.२५

कागद घेऊन बसलो. बायको विचारते कोणाचं पत्र आलं.

सव्वा इंच म्हणजे ३२ मिलिमीटर. साडेअकरा मिनिटांत २००० लिटर म्हणजे सेकंदाला २.९ लिटर. एवढ्याशा पाइपात वेग होतो सेकंदाला ३.६ मीटर. जुना लोखंडी पाइप, पाइपातल्या घर्षणाच्या डार्सीच्या सूत्रात घर्षणाचा गुणांक ०.०२५ धरला, तर ४० मीटरमध्ये साधारण २० मीटर हेड नुसता घासण्यात जातो. उंचीपेक्षा जास्त! एकूण हेड ३७-३८ मीटर. आता करा हिशोब, पंप आणि मोटर मिळून ४८-४९ टक्के.

म्हणजे तुमचा पंप बरा आहे. पाइप बारीक आहे. दोन इंची असता तर तेवढ्याच प्रवाहाला घर्षण दोन-सव्वादोन मीटर. मोटर लहान चालली असती.

आणि हे सगळं थिअरीत असतं. मी सकाळी तेच म्हणत होतो.

स्टॉपवॉच | ११.३३

काका, तोंडावर पडलो. १७ मीटर मीच लिहू दिलं. हेच सूत्र, डार्सी-वाइसबाख, मी स्वतः ऑगस्टमध्ये फळ्यावर शिकवलं, त्याच मुलांना. त्यांना आठवलं नाही, मला पण नाही.

बाजावाला | ११.३६

काका, एक विचारू? रविवारी रात्री साडेअकराला, सत्तरीत, कागद घेऊन का बसलात? थिअरी होती म्हणून, की पंप होता म्हणून?

रामबागकर | ११.४१

वात्रटपणा पुरे. झोपा आता.

नर्मदातीर | सोमवार, सकाळी ७.१५

या धाग्याला इंदुरात वेगळं वजन आहे. आपल्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर येतं, विंध्याची चढण चढून. वर्गात एक गणित द्या: १००० लिटर पाणी ४०० मीटर वर न्यायला किमान किती वीज? एक युनिटच्या थोडी वर, तीही पंप शंभर टक्के चांगला असेल आणि पाइपात काहीच घासत नसेल तर. मग मुलांना होस्टेलची ओसंडून वाहणारी टाकी दाखवा. वेगळं काही बोलायची गरज नाही.

सीओपीओ_पीडित | ७.५०

हे मी चोरणार. ‘पर्यावरण आणि शाश्वतता’ समोर ३ भरता येतील, या वेळी खरेखुरे.

बॅक_दो_तीन | ९.२०

सर, रात्री वाचून विचार केला. आम्हाला यादी दिली असती की कॉलेजातल्या या दहा बिघडलेल्या गोष्टी, एक घ्या, तर दुकानात गेलोच नसतो. म्हणजे गेलो असतो, पण दुकानात तुमच्या होस्टेलचा पंप मिळत नाही.

स्टॉपवॉच | रात्री ९.१०

आज एचओडींशी बोललो. या सेमिस्टरला परवानगी मिळाली आहे, रडतखडत. तुमच्या सगळ्यांच्या प्रतिसादांतून असं ठरवतोय:

‘काहीही करा’ बंद, ती माझीच चूक होती. कॅम्पसमधल्या बिघडलेल्या वस्तूंची यादी मी देणार, आमचा पेल्टन व्हील पहिल्या नंबरवर. थिअरीचे तास कापणार नाही, पण क्रम बदलणार: आधी टाकी भरायला किती वेळ लागला ते मोजून या, डार्सी त्यानंतर. निम्मे मार्क आठवड्याच्या वहीवर, त्यात काय चुकलं तेही लिहायचं, आणि वही फिरती, दर आठवड्याला दुसऱ्याच्या अक्षरात. उरलेले वायवाला. चिठ्ठी टाकून नाव निघेल, तो सांगेल, मशीनचा भाग कोणाचाही असो.

१२ गटांना दर आठवड्याला पंधरा मिनिटं म्हणजे तीन तास. ते कुठून आणायचे ते अजून कळलेलं नाही. सध्या शनिवार दुपार गेली असं धरून चाललोय. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

फाइलवाली_ताई | ९.१८

फिरती वही, हे चांगलं आहे. पाने पण फिरते ठेवा. म्हणजे नट उघडायचे पाने.

रामबागकर | ९.४५

शनिवारी मी येऊ शकतो. निवृत्त माणूस, दोन-चार गट मी बघतो. पैसे नकोत, चहा चालेल. माझा स्वतःचा प्रेशर गेज आणतो, तुमच्या लॅबमधला बंदच असणार. पंपाच्या तोंडाशी लावून खरा हेड बघू. माझे ३७ मीटर बरोबर निघाले तर समोसे माझ्याकडे वळवा.

पोहेजलेबी | ९.४९

काका, गेज कॅलिब्रेट केलेला आहे ना?

रामबागकर | १०.३०

...१९९८ साली.